जनुकांची अदलाबदल: आधी खर्चाचा ताळेबंद

पावसाळा सरला की हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग काय पेरायचं ते ठरतं. गावातलं एखादं पोर नगरला किंवा पुण्याला एमएस्सी करत असेल आणि 'दोन यीस्टमधल्या भाऊबंद जनुकांचं काम एकच का?' असा प्रकल्प त्याच्या वाट्याला आला असेल, तर त्यानंही क्रम तोच ठेवावा.

दुधाच्या गावाला शोभेल असं उदाहरण घेऊ. दुधातली साखर फुटली की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळतं. गॅलॅक्टोज पचवताना पावाच्या यीस्टमध्ये दोन भावंडं राबतात: गॅल-१ प्रत्यक्ष काम करतं, गॅल-३ साखर आल्याची वर्दी देतं. दुधात सापडणाऱ्या क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिसमध्ये मात्र एकच जनुक दोन्ही उरकतं. ग्रामसेवकाकडेच तलाठ्याचा पदभार, म्हणा ना.

तुलनेचा पहिला टप्पा फुकट आहे. पावाच्या यीस्टचा पूर्ण जनुकक्रम १९९६ पासून खुला आहे. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस, यीस्ट जीन ऑर्डर ब्राउझर आणि ब्लास्ट यांना शुल्क नाही. एवढ्यासाठी कुणी 'पॅकेज' विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावावं.

पण क्रम जुळला म्हणजे काम जुळलंच असं नाही. त्यासाठी गॅल-३ काढलेल्या यीस्टमध्ये लॅक्टिसचं जनुक घालून ते गॅलॅक्टोजवर वाढतं का, हे पाहावं लागतं. खिसा इथे रिकामा होतो. जनुक बनवून घेतलं तर दर बेसमागे असतो. लांबी दीड हजार बेस आणि दर, समजा, ८ रुपये धरला, तर १२,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून १४,१६०. त्याऐवजी लॅक्टिसचा वाण घ्यावा आणि पीसीआरनं जनुक काढावं. यीस्टच्या बहुतेक जनुकांत मध्ये इंट्रॉन नसतात, त्यामुळे हे जमतं. ४० बेसचे दोन प्रायमर, समजा १० रुपये दरानं, ८०० रुपयांत येतील. वाणासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहाची यादी आधी पाहावी. वर रसायनं आणि पडताळणी: सँगर पद्धतीत एका वाचनात सातआठशे बेसच नीट दिसतात, म्हणून किमान दोन वाचनं धरा, तीन धरली तर उत्तम.

कॅन्डिडा अल्बिकान्सचं जनुक असेल तर मात्र काटकसर अंगाशी येते. तिथे सीयूजी या संकेताचा अर्थ ल्युसिन नसून सेरीन होतो. तेवढे संकेत बदलून जनुक बनवून घेणंच परवडतं.

आणखी एक. गॅल-३ नसलेलं यीस्टही गॅलॅक्टोजवर काही दिवसांनी उठून बसतं. ताटल्या रोज पाहाव्या. आठवड्यानं उघडल्या तर फरक दिसणार नाही आणि सगळा खर्च पुन्हा.

घरच्या गोठ्याशेजारी हे करायचं नाही. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार अशा कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची वाट धरावी लागते, म्हणून अर्ज खरेदीआधी टाकावा. दरपत्रक लेखी घ्यावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात: जीएसटी धरलाय का, बर्फातल्या पार्सलचा खर्च कुणाचा, आणि महाविद्यालयाच्या पत्रावर दर उतरतो का.