नगरसभेतील ठरावाचा प्रवास

सकाळी शाळेस येताना आपण ज्या रस्त्याने चालतो, ज्या दिव्याखालून जातो व ज्या नळाचे पाणी पितो, त्यांपैकी एकही वस्तू तेथे आपोआप आलेली नाही. रस्ता किती रुंद असावा, दिवा कोणत्या वळणावर असावा, नळ कोणत्या आळीस आधी द्यावा व कोणत्या आळीने वाट पाहावी, हे कोणीतरी केव्हातरी ठरविलेले असते. हे ठरविणारे कोण व ते कसे ठरवितात, हे ज्यास ठाऊक नाही तो तक्रार करू शकतो. परंतु ती योग्य दारी नेणे त्यास साधत नाही. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

प्रथम इतिहास पाहू. 1865 साली मुंबई शहरासाठी झालेल्या कायद्याने कारभाराची जवळजवळ सर्व सूत्रे म्युनिसिपल कमिशनर या एकाच अधिकाऱ्याच्या हाती आली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे कर्तबगार गृहस्थ होते. त्यांच्या कारकिर्दीत शहरात पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु खर्चास आवर राहिला नाही, व 1871 साली करदात्यांनी मोठी चळवळ केली. त्या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी मांडलेला विचार आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे सार असे की, काम करणारा हात एकच असावा, पण त्यावर लोकांनी निवडलेल्या सभेची नजर असावी. 1872 च्या कायद्याने मुंबईच्या करदात्यांस निम्मे सभासद निवडण्याचा हक्क मिळाला. 1882 साली लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे तत्त्व देशभर पुढे आले. 1888 च्या कायद्याने मुंबईत सभा, स्थायी समिती व आयुक्त अशी तीन अंगे निश्चित झाली. हीच मांडणी 1949 च्या कायद्याने इतर शहरांकरिता स्वीकारली गेली, व त्याच कायद्याखाली 15 फेब्रुवारी 1950 रोजी पुण्यास महानगरपालिका मिळाली.

आता या तीन अंगांचे काम एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका वस्तीतील मुलांस शाळेत येण्यासाठी ओढा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात पाणी चढले की शाळा बुडते. तेथे साकव व्हावा अशी सर्वांची इच्छा आहे. इच्छेपासून साकवापर्यंतची वाट कशी असते?

वस्तीतील मंडळी प्रथम आपल्या नगरसेवकाकडे किंवा विभागाच्या कचेरीत अर्ज देतात. मग इंजिनियर जागा पाहतो, मोजमाप घेतो व खर्चाचा अंदाज करतो. येथपर्यंत फारशी अडचण नसते. खरी परीक्षा पुढे आहे. दरवर्षी आयुक्त जमाखर्चाचे अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. त्यात साकवापुढे रक्कम लिहिलेली नसेल, तर कोणी कितीही आश्वासने दिली तरी त्या वर्षी साकव होणे कठीण. म्हणून जाणता नागरिक पावसाळ्यात ओरड करून थांबत नाही. तो अंदाजपत्रकाचे दिवस येण्यापूर्वीच आपला अर्ज पुढे सरकवितो.

स्थायी समिती ही नगरसेवकांतूनच निवडलेली सोळा जणांची समिती होय. ती आठवड्यास भरते, व तिचे निम्मे सभासद दरवर्षी निवृत्त होऊन नवे येतात. एवढ्या लहान समितीची गरज काय, असा प्रश्न कोणी करील. उत्तर सोपे आहे. शंभर-दीडशे माणसांच्या सभेत भाषणे चांगली होतात. नकाशा नीट पाहता येत नाही. हिशेबाचा एकेक आकडा तपासणे, दोन कंत्राटदारांचे दर ताडून पाहणे, 'हा साकव येथेच का?' असे अधिकाऱ्यास समोर बसवून विचारणे, ही कामे लहान बैठकीतच होतात. समितीने तपासलेले अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे जाते. सभेत एक सभासद सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, तिसरा उपसूचना आणतो; मग चर्चा होऊन मते घेतली जातात. करांचे दर 20 फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात, कारण साकव हवा म्हणणाऱ्या सभेस त्याचे पैसे कोठून येणार हेही सांगावे लागते. पुढे निविदा मागविल्या जातात, मोठ्या रकमेच्या कंत्राटास स्थायी समितीची मंजुरी लागते, आणि काम करवून घेण्याची जबाबदारी आयुक्तांवर येते. शेवटी हिशेबतपासनीस येतो.

सभेने इच्छा करावी, समितीने पारखावे, अधिकाऱ्याने करावे, असा हा क्रम आहे. तिघांपैकी एक जरी नसला तरी गाडा अडतो किंवा भलतीकडे जातो. मुंबई व पुणे येथील निवडलेल्या सभांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. निवडणुका लांबल्या, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. रस्ते झाडले गेले, दिवेही लागले. पण अधिकाऱ्यास भर सभेत प्रश्न विचारणारी आसने रिकामी होती.

सभेत बहुमताचे राज्य असते हे खरे. तथापि एकट्याच्या मतासही मोल असते. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे अशी सूचना आली, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणास द्यावा असे सांगून त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. ते हरले, परंतु त्या सभेतील इतर सभासदांची नावे आज कोणास आठवतात?

आणखी एक गोष्ट मनावर बिंबविण्याजोगी आहे. ठराव होणे म्हणजे काम होणे नव्हे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केले. पण ते कागदावर. तीन वर्षे कोणा अस्पृश्यास तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावास प्रथमच पाय फुटले. मग मारहाण झाली. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे कोर्टाची वाट धरावी लागली, व 1937 साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. हात वर करून दिलेला हक्क हात वर करूनच काढून घेतला जाऊ शकतो, हा महाडचा धडा आहे. ज्यांनी मत दिले त्यांच्यावर, ठराव झाल्यानंतरही, नागरिकांची नजर असली पाहिजे.

आपल्या प्रार्थनेच्या वेळी वाचली जाणारी नहेम्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. यरुशलेमेचा तट पडलेला होता. नहेम्याने प्रथम रात्री फिरून पडझड स्वतः पाहिली. मग वडीलधाऱ्यांस एकत्र करून आपला विचार सांगितला. त्यांनी होकार दिल्यावर काम वाटून दिले, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. पाहणी, संमती व कृती हा क्रम तेथेही आहे. तट मात्र कोणा एकट्याचा नव्हता.

मुलांनो, तुम्हांस मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळेल. शिकण्यास मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. आपला प्रभाग कोणता, नगरसेवक कोण, आपल्या रस्त्यासाठी या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, एवढे तीन प्रश्न या सुट्टीत घरी विचारा. पालकांस उत्तरे ठाऊक नसतील, तर दोघांनी मिळून विभागाच्या कचेरीत जावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. आपल्याच घराचा हिशेब आपण विचारीत आहो.