आरोग्य व नित्याच्या सवयी

पिंपरी ह्या गांवाचें नांव भारतीय वैद्यकाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें आहे. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९५५ सालीं येथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जंतूंच्या पेशींची भिंत नीट बनूं न देऊन हें औषध त्यांचा नाश करितें. परंतु जेथें जंतूच नाहींत तेथें पेनिसिलिनचा काय उपयोग? मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार हे बहुधा जंतूंपासून होत नाहींत. ते वर्षानुवर्षें आपल्या सवयींच्या आश्रयानें वाढत असतात.

ह्या रोगांचें मूळ किती मागें जातें, ह्याचा शोध पुण्यानजीकच झाला आहे. १९९३ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा खेड्यांतील स्त्रियांचा आहार, त्यांचे श्रम व त्यांचीं बालकें ह्यांची पाहणी आरंभिली. येथील बालकांचें जन्मसमयींचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. परंतु आश्चर्य निराळेंच होतें. आपल्या बालकांच्या अंगीं स्नायू पुष्कळ कमी असूनही चरबी मात्र त्या मानानें कमी नव्हती. अशा देहास पुढें अन्न विपुल मिळून श्रम सुटले, तर मधुमेहाचें भय अधिक असतें. गरोदरपणीं ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत, त्यांचीं बालकें अधिक भरलेलीं आढळलीं. ज्यांस अतिशय कष्ट पडत, त्यांचीं लहान.

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत ह्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. ज्या घरांतील आजोबा कांद्याच्या शेतांत दिवसभर राबले, त्याच घरांतील नातू आज कंपनीच्या बसनें कारखान्यांत जातो, रात्रपाळी करितो, आणि वडापाव व गोड चहावर भूक भागवितो. आहार पालटला, श्रम पालटले, झोपेची वेळही पालटली. देहाची घडण मात्र एका पिढींत पालटत नाहीं. स्नायू चालते राहिले म्हणजे रक्तांतील साखर खर्चीं पडते. ते स्वस्थ बसले म्हणजे ती सांचत जाते.

तथापि जन्मसमयींची घडण म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. विद्यार्थ्यांनीं शाळेंत शक्य तेथें पायीं यावें, रोज मैदानावर घाम गाळावा, बाटलींतील गोड पेयांऐवजीं साधें पाणी प्यावें व वेळेवर निजावें. ह्या गोष्टींस पैसा लागत नाहीं. नियम मात्र लागतो.

पालकांस एक विशेष विनंति. पुष्कळ घरांत मुली व त्यांच्या आया सर्वांमागून जेवतात, आणि भाजी व दूध संपल्यावर उरेल तें खातात. वरील पाहणीचा बोध असा, कीं हें नुकसान त्यांच्यापुरतेंच राहत नाहीं. जन्मास यावयाच्या बालकासही तें भोगावें लागतें. म्हणून आज सायंकाळीं पान वाढतांना मुलीच्या ताटांत भावाइतकीच पालेभाजी व दूध आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. शरीर ही ईश्वरानें आपणांस दिलेली ठेव आहे. ती पुढच्या पिढीस सुस्थितींत सोंपविणें हें सर्वांचें कर्तव्य होय.