कुत्रा विष्ठा का खातो?

‘डॉक्टर, सांगायलासुद्धा लाज वाटते, पण...’ अशी सुरुवात झाली की पुढचे वाक्य काय असणार हे मला आता पाठ झाले आहे. घरात लाडाने वाढवलेला, वेळेवर खायला मिळणारा कुत्रा परसात विष्ठा खाताना दिसतो आणि घरच्यांना किळस येते. कोणी त्याला काठीने मारतो, कोणी कायमचा बांधून ठेवतो, तर कोणी ‘आता हा घरात नकोच’ म्हणून लांब सोडून येतो. यापैकी काहीही करण्यापूर्वी ही सवय का लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हा स्वभाव की आजार?

बहुतेक वेळा हा आजार नसतो. व्यायलेली कुत्री पहिले सुमारे ३ आठवडे पिलांची शी-शू स्वतः चाटून साफ करते. तिने चाटल्याशिवाय इतक्या लहान पिलांना शी-शू होतच नाही. हे नैसर्गिक आहे. तिला रागावू नये. पिले थोडी मोठी झाली की दिसेल ती वस्तू तोंडात घालून पाहतात. त्यात विष्ठाही आली. वाढत्या वयाबरोबर पुष्कळ पिलांची ही खोड आपोआप सुटते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी सुमारे ३ हजार कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून २०१८ साली ती प्रसिद्ध केली. दर ६ कुत्र्यांमागे साधारण एकाला ही सवय असल्याचे त्यांना आढळले. अधाशीपणे खाणाऱ्या कुत्र्यांत ती अधिक होती. बहुतेक कुत्रे ताजी, म्हणजे २ दिवसांच्या आतली विष्ठाच खातात, असेही दिसले. त्यावरून या पशुवैद्यांनी असा तर्क मांडला, की लांडग्यांच्या काळापासून राहती जागा जंतांपासून साफ ठेवण्याची ही उपजत रीत असावी. कारण विष्ठेतील जंतांची अंडी पहिले काही दिवस बाधत नाहीत.

कंटाळा हेही एक कारण आहे. दिवसभर साखळीला बांधलेला किंवा पिंजऱ्यात कोंडलेला कुत्रा समोर जे पडेल ते खातो. शी केली म्हणून पिलाचे नाक त्यात घासण्याची पद्धत तर फारच वाईट. मार चुकवण्यासाठी ते पिलू पुढच्या वेळी शी खाऊन पुरावाच नाहीसा करते!

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

मोठ्या कुत्र्याला ही सवय अचानक लागली, तर मात्र तपासणी करून घ्यावी. पोटात जंत असतील किंवा मधुमेह असेल, तर भूक वाढते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतानाही तसेच होते. स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसे येत नसतील, तर खाल्लेले अन्न तसेच बाहेर पडते. असा कुत्रा भरपूर खातो पण वाळत जातो. शी पुष्कळ, फिकट व तेलकट होते. अल्सेशियन जातीत हा आजार अधिक दिसतो आणि योग्य औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो. दवाखान्यात येताना स्वच्छ डबीत ताज्या शीचा नमुना जरूर आणावा.

धोका कोणता?

स्वतःचीच ताजी शी खाल्ल्याने निरोगी कुत्र्याला सहसा अपाय होत नाही. दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून मात्र पार्व्होचे विषाणू आणि जंत पोटात जातात. गुरांना किंवा घोड्यांना आयव्हरमेक्टिन हे जंताचे औषध दिले असेल, तर त्यांचे शेण किंवा लीद खाऊनही काही कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते. शेतकरी वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

घरातील मुलांचाही यात संबंध आहे. कुत्र्याच्या विष्ठेतील गोल जंतांची अंडी मातीत २ ते ४ आठवड्यांत बाधणारी बनतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे ती पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. म्हणजे विष्ठा ताबडतोब उचलणे हा कुत्र्याची खोड मोडण्याचा उपाय आहे आणि मुलांच्या रक्षणाचाही.

उपाय

१. जेवणानंतर पिलाला साधारण अर्ध्या तासात शी होते. त्या वेळी त्याला साखळी लावून बाहेर न्यावे आणि शी होताच ती उचलून टाकावी. सर्वांत खात्रीचा उपाय हाच.

२. शी झाल्यावर ‘इकडे ये’ म्हणून बोलवावे आणि आला की लगेच आवडीचा खाऊ द्यावा. ओरडत मागे धावू नये. त्याला तो खेळ वाटतो व तो घाईने गिळतो.

३. पिलाला दिवसातून ३-४ वेळा थोडेथोडे खायला द्यावे. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रा वाढवू नये. अंडी किंवा शिजवलेले मांसही हवे. आहारात बदल हळूहळू करावा.

४. पिलाला २ आठवड्यांचे झाल्यापासून जंताचे औषध सुरू करावे. १२ आठवड्यांपर्यंत ते दर १५ दिवसांनी, ६ महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर ३ महिन्यांनी द्यावे. मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

५. रोज फिरायला न्यावे, खेळायला घ्यावे.

शीवर तिखट टाकण्याचा घरगुती उपाय करू नये. ही सवय मोडण्यासाठी मिळणाऱ्या तयार पुड्या व गोळ्यांचाही वर उल्लेखिलेल्या पाहणीत जवळजवळ काहीच उपयोग दिसला नाही. तो पैसा जंताच्या औषधावर खर्चावा.

एखाद्या वेळी कुत्र्याने विष्ठा खाल्लीच, तर घाबरू नये. त्याला बळेच उलटी करवू नये. पिण्यास स्वच्छ पाणी द्यावे, त्या दिवशी मुलांची तोंडे चाटू देऊ नये आणि हात साबणाने धुवावेत. मात्र लस न दिलेल्या पिलाला त्यानंतरच्या १०-१२ दिवसांत उलट्या किंवा रक्ताची हगवण लागली, तर ते पार्व्होचे लक्षण असू शकते. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.