अरीना कधी बंद करायचा?

प्रश्न : जावातून सी लायब्ररी वापरतो. जेएनआयमध्ये घेतलेली मेमरी नेमकी कुठे सोडायची, याचा सतत गोंधळ होतो. सोपा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. मार्च 2024 मध्ये आलेल्या जावा 22 पासून फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय कायमचा झाला. त्यातला ‘अरीना’ वापरा. एका कामाची सगळी मेमरी एकाच अरीनातून घ्या. ‘ट्राय’च्या कंसात ‘ऑफकन्फाइन्ड’ उघडलात, की ब्लॉक संपताच ती एकदम सुटते, मध्येच एक्सेप्शन आला तरी. नंतर जावातून तिला हात लावला तर फक्त ‘इलीगलस्टेटएक्सेप्शन’ येतो. अनेक थ्रेड असतील तर ‘ऑफशेअर्ड’ घ्या.

खरी काळजी वेगळीच. सी लायब्ररीने पॉइंटर स्वतःकडे ठेवला (कॉलबॅकच्या बाबतीत हे अनेकदा होतं), तर जावाला ते कळत नाही. तिथे आधी कॉलबॅकची नोंदणी रद्द करा, मगच अरीना बंद करा. ‘ऑफऑटो’चा मोह टाळा, सीकडे पॉइंटर असतानाच गार्बेज कलेक्टर मेमरी काढून घेऊ शकतो.