घड्याळें पुन्हां जुळवितांना

धारणीच्या पावसाळ्यांत वीज क्षणभर जाणें व पुन्हां येणें ही आपणां सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. दिवे मालवतात, आणि ते परत लागले म्हणजे विजेवर चालणारीं आकडी घड्याळें बारा वाजल्याचें दाखवीत लुकलुकूं लागतात. कांहीं वर्षांपूर्वीं एका परीक्षाकेंद्रावर आम्ही पर्यवेक्षक असतां असेंच घडलें. शेजारच्या खोलींतील गुरुजींनीं आपल्या मनगटावरील घड्याळ पाहून भिंतीवरचें घड्याळ लावलें. आम्हीं अंदाजानें लावलें. पुढें दोन्ही घड्याळें उत्तम चाललीं. तरी आमच्या खोलींतील उत्तरपत्रिका चार मिनिटें आधीं गोळा झाल्या, आणि खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीचें शेवटचें गणित अर्धेंच राहिलें. घड्याळाची चाल बरोबर होती. आरंभ चुकला होता, आणि तो आम्हीं चुकविला होता.

हाच प्रश्न संगणकाच्या पोटांतहि उभा राहतो. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर असंख्य सूक्ष्म विद्युत्-कळा तयार करून जी चिप बनवितात, तिला इंटिग्रेटेड सर्किट म्हणतात. या कळांनीं एका वेळीं पाऊल टाकावें म्हणून चिपमध्यें एक विद्युत्-ठोका सतत पडत असतो. त्यास क्लॉक असें नांव आहे. हा ठोका सेकंदास १०० कोटी वेळां पडत असेल, तर दोन ठोक्यांच्या मधल्या अवधींत प्रकाश केवळ ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पट्टीइतकाच जातो. यंत्र नुकतेंच चालू केलें किंवा मध्येंच अडलें, म्हणजे सर्व कळांस ठराविक आरंभस्थितींत आणावें लागतें. या क्रियेस रीसेट म्हणतात. सारी अडचण या रीसेटमधून बाहेर पडतांना येते.

कवायतीचें उदाहरण घेऊं. ढोल एकच आहे, आणि दोन ओळी त्याच्या दर ठोक्यास एक पाऊल टाकणार आहेत. परंतु निघण्याचा हुकूम दुसऱ्या ओळीस एक ठोका उशिरा ऐकूं आला. दोन्ही ओळी डाव्या पायानेंच निघाल्या. तरी आतां एकीचा डावा पाय पडतो तेव्हां दुसरीचा उजवा पडतो, आणि तासभर चाललें तरी ही विसंगति आपोआप मिटणार नाहीं. चिपमध्यें मुख्य ठोक्यापासून निम्म्या किंवा चौथाई वेगाचे ठोके तयार करितात. निम्म्या वेगाचा ठोका दोन प्रकारें सुरू होऊं शकतो, चौथाई वेगाचा चार प्रकारें. म्हणून मुख्य ठोका एकच असूनहि दोन चिप्स रीसेटनंतर निरनिराळ्या पायांवर उभ्या राहूं शकतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. हुकूम नेमका ढोलाच्या ठोक्यावरच पडला, तर कांहीं मुलें याच ठोक्यास निघतील, कांहीं पुढच्या ठोक्यास, आणि एखादा मुलगा पाय उचलून तसाच डळमळत राहील. विद्युत्-कळेचेंहि असेंच होतें. शून्य कीं एक हें न ठरतां ती क्षणभर अधांतरीं राहते.

यावर तीन उपाय योजितात. पहिला हा कीं, ठोका निर्माण करणारें मंडळ स्थिर होईपर्यंत रीसेट सोडीत नाहींत. ढोलकऱ्याचा हात बसण्यापूर्वीं कवायत सुरू करूं नये. दुसरा असा कीं, रीसेट केव्हांहि लावतां येतो, परंतु तो सोडावयाचा ठोक्याच्या अनुरोधानेंच. त्यासाठीं सुटकेचा संदेश एकामागें एक ठेवलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपांतून नेतात. पहिला डळमळला तरी पुढचा ठोका पडेपर्यंत त्यास सांवरावयास वेळ मिळतो, आणि दुसऱ्याकडून बहुधा स्वच्छ संदेशच पुढें जातो. तिसरा उपाय अनेक चिप्ससाठीं आहे. मुख्य ठोक्याबरोबर एक खुणेचा ठोकाहि, मोजून ठेवलेल्या लांबीच्या तारांवरून, प्रत्येकीस पोहोंचवितात. ती खूण येईल तोच सर्वांचा पहिला ठोका.

एवढी काळजी कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यानें पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं १९९० च्या दशकांत उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत, आणि उरलेल्या १६ तीन लांब बाहूंवर. सर्वांत दूरच्या दोघींतील अंतर सुमारें २५ किलोमीटर. आकाशांतून आलेले क्षीण रेडिओ-तरंग प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत येतात, तेथें आकड्यांत रूपांतरित होतात, आणि प्रत्येक तबकडीची इतर प्रत्येकीशीं तुलना होते. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा.

दुर्बिणीच्या सुधारलेल्या यंत्रणेंत ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एका वेळीं पाहतां येतो. तो आकड्यांत उतरविण्यास सेकंदास निदान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्याच्या काळांत प्रकाश सुमारें ३७ सेंटिमीटर जातो. एका तबकडीचे नमुने एका ठोक्यानें जरी सरकले, तरी ती जणूं तितकी दूर सरकली असा भास होईल, आणि चित्र बिघडेल. फरक नेहमीं सारखाच राहत असेल तर तो काढून टाकतां येतो. त्यासाठीं शास्त्रज्ञ परिचित रेडिओ-उगमाकडे दुर्बीण वळवून ताळा पाहतात. परंतु दर रीसेटनंतर फरक निराळा येऊं लागला, तर काल केलेली दुरुस्ती आज निरुपयोगी ठरते. म्हणून अशा यंत्रांत आरंभ प्रत्येक वेळीं तोच असावा लागतो.

दुर्बिणीस ताळा पाहण्याची सोय आहे. त्या मुलीस ती नव्हती. आम्हीं आपली चूक केंद्रप्रमुखांस सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या केंद्रावर नियम झाला. वीज परत आली तरी घड्याळास कोणीं हात लावावयाचा नाहीं. शिपाई व्हरांड्यांत घंटेजवळ उभा राहील, आणि ठरल्या मिनिटास तिचा एक टोल पडेल, त्याच क्षणीं सर्व खोल्यांतील घड्याळें लावावयाचीं.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या कवायतीच्या दिवशीं दोन ओळी करा आणि दुसरीस एक ठोका उशिरा हुकूम द्या. मग दोन्ही ओळी न थांबवितां पावलें जुळतात का तें पाहा. शेवटीं सर्वांस थांबवून, एकाच खुणेनें, पुन्हां आरंभ करावा लागेल.