मुंबईत एक खाट हवी आहे

शंका : माझ्या २३ वर्षांच्या मुलीची बीकेसीत मुलाखत आहे. तिनं मरोळच्या एका बॅकपॅकर हॉस्टेलात एक खाट बुक केली आहे. फोटो झकास आहेत, पण आठ परक्या माणसांत झोपायचं हे माझ्या मनाला पटत नाही. (एक आई, नाशिक)

समाधान : ताई, डॉर्म फक्त मुलींची आहे की मिश्र, हे आधी मुलीला विचारा. मिश्र डॉर्म बरेचदा थोडी स्वस्त असते आणि घाईत तीच निवडली जाते. मुलाखतीच्या आदल्या रात्री असली काटकसर नको.

फोटोंचं म्हणाल, तर भिंतीवर रंगवलेली लोकल, काळी-पिवळी टॅक्सी, बीनबॅग आणि पिवळे दिवे आता सगळीकडेच असतात. त्यावरून काही कळत नाही. पडदा पूर्ण ओढला जातो का, उशाशी दिवा आणि प्लगपॉइंट आहे का, हे पाहावं. गेल्या गेल्या चादर उचलून गादीच्या शिवणी तपासाव्यात. तिथे काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजा आणि बॅग न उघडता दुसरी खोली मागा. कुलूप बहुतेक ठिकाणी आपलंच न्यावं लागतं. घरच्या दाराचं जाड दांडीचं कुलूप लॉकरच्या कडीत शिरतच नाही. बॅगेला लावतो तसं बारीक दांडीचं न्यावं. सर्टिफिकेटांची फाइल लॉकरमध्ये मावते का, तेही फोन करून विचारून घ्या.

जागा मात्र मुलीनं हुशारीनं निवडली आहे. मरोळ नाक्याहून मेट्रो ३ थेट बीकेसीला जाते. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये इस्त्रीच्या कपड्यांची जी दशा होते, ती यात टळेल.

शंका : वय ६६. फोर्टमध्ये कोर्टाच्या कामासाठी दोन रात्री राहायचं आहे. हॉटेल परवडत नाही. अशा ठिकाणी म्हाताऱ्यांना घेतात का? (एक वाचक, सोलापूर)

समाधान : काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही. कमाल वयाची अट नियमांत बारीक अक्षरांत दडलेली असते, म्हणून काका, पैसे भरण्याआधी फोन करा. ही सोय मुळात पोरांसाठीच निघाली. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये शाळेची सहल पावसात अडकल्यावर ही कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. त्या पोरांना गुडघेदुखी नव्हती! तुम्ही खालचीच खाट मागा आणि ती नक्की केल्याचं लेखी मागवून घ्या. रात्री बाथरूमला जाताना अंधारात शिडी उतरायची म्हणजे पडण्याचं निमंत्रण. शेजारच्याच्या घोरण्यावर मात्र कापसाच्या बोळ्यांशिवाय माझ्याकडे उपाय नाही.

दुसरा पर्याय मुंबई सेंट्रल स्टेशनातल्या पॉड हॉटेलचा. हे २०२१ मध्ये सुरू झालं. ही कल्पना जपानची. तिथलं पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात उघडलं. मात्र बंद जागेत जीव घाबरत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शंका : शेवटची लोकल चुकते म्हणून अंधेरीत खाट बुक केली. पैसे भरले, तरी आधारवर डोंबिवलीचा पत्ता पाहून दारातूनच परत पाठवलं. हे कायदेशीर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

समाधान : हा सरकारी कायदा नव्हे, चालकांनी स्वतः केलेला नियम आहे. रात्रभर दंगा करायला येणारी गावातलीच टोळकी त्यांना नको असतात. माझ्या मते हा नियम आळशीपणाचा आहे. दंगा करणाऱ्याला बाहेर काढावं. थकल्याभागल्या नोकरदाराची त्यात काय चूक? तरीही बुकिंगच्या वेळी अट स्पष्ट लिहिलेली असेल, तर तक्रारीत फारसा दम राहत नाही. लिहिलेली नसेल, तर पूर्ण परतावा मागा. दिला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बुकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

शंका : घरचा डबा डॉर्ममध्ये खाल्ला तर चालतो का? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : कॉमन रूममध्ये खुशाल खा. पण सुकटीची चटणी असेल तर डबा एसी खोलीत उघडू नका.

वाचकांना विनंती : पत्रात शहर, किती रात्री राहायचं आहे आणि प्रवाशाचं वय जरूर लिहा. एवढं कळलं तरच नेमकं उत्तर देता येतं.