फ्लॉपी गेली, चित्र उरलं!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

मित्रहो, सुरुवातीलाच कबुली देतो. या लेखातला गुन्हेगार मीच आहे.

गेल्या सत्रात मिनी प्रोजेक्ट म्हणून मी मेसचे खाडे नोंदवायचा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आधीच्या बॅचचा प्रोग्रॅम होताच, पण त्यात 'सेव्ह'साठी फ्लॉपीचं चित्र! मी म्हटलं, फ्लॉपी आता कोण वापरतं? काढून टाकली आणि तिथे मस्त निळा ढग बसवला. व्हायव्हाला कौतुकही झालं.

मग आली दिवाळीची सुट्टी. वसतिगृहाच्या कार्यालयातले काका दुपारभर बसून सगळ्यांचे खाडे भरत होते. भरून झाल्यावर त्यांना सेव्हचं बटण काही सापडेना. आपोआप होत असेल, असं समजून त्यांनी खिडकी बंद केली. सगळ्या नोंदी साफ! वर 'जतन न करता बंद करायचं का?' हा प्रश्न टाकायलाही मी विसरलो होतो. मला बोलावलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बाळा, ढगात काय कोणी ठेवतं का? ती फ्लॉपी कुठं गेली?"

रात्री नऊपर्यंत वही समोर ठेवून आम्ही दोघांनी सगळं परत भरलं. काकांची शेवटची बस माझ्यामुळे चुकली. तेव्हापासून या चित्रांचा जरा नीट अभ्यास केला. तोच इथे मांडतो.

ही चित्रं आली कुठून?

१९८१ साली झेरॉक्स कंपनीचा 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आला. (हो, तीच कंपनी, जिच्या नावाने आपण नोट्सच्या झेरॉक्स काढतो!) पडद्यावर ऑफिसातलं टेबल, त्यावर कागद, फोल्डर, टपालाचा ट्रे, अशी त्याची मांडणी होती. ऑफिसातल्या माणसाला ओळखीच्या वस्तू दिसाव्यात, हा हेतू. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याची चित्रं सुझन केअर यांनी आधी आलेखाच्या कागदावर, एकेक चौकोन भरून काढली होती.

साडेतीन इंची फ्लॉपी त्याच काळातली. तिचा हिशोब परीक्षेत येतो तसा करून बघा: २ बाजू × ८० ट्रॅक × १८ सेक्टर × ५१२ बाइट्स = १४,७४,५६० बाइट्स. यालाच आपण '१.४४ एमबी' म्हणतो. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. १९९८ साली ॲपलने आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला, आणि २०११ साली सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. वस्तू गेली. चित्र मात्र अजून कितीतरी प्रोग्रॅमांत ठाण मांडून आहे.

चित्र कधी शब्द होतं

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी खुणांचे तीन प्रकार सांगितले. पहिला, वस्तूसारखी दिसणारी खूण (कचऱ्याची टोपली). दुसरा, कशाशी तरी प्रत्यक्ष संबंध असलेली खूण (धूर दिसला म्हणजे आग). तिसरा, केवळ रूढीने ठरलेली खूण (अधिकचं चिन्ह).

गंमत अशी की, फ्लॉपी पहिल्या प्रकारातून हळूहळू तिसऱ्या प्रकारात गेली. आमच्या विंगमधल्या पाच-सहा ज्युनिअर्सना मी ते चित्र दाखवलं. वस्तू कोणती ते एकालाही धड सांगता आलं नाही, एकजण तर प्रिंटर म्हणाला! पण बटण कशाचं, याचं उत्तर सगळ्यांनी एकच दिलं: "सेव्ह."

भाषेत हे रोजच घडतं. फोनवरची चकती गेली, तरी आपल्याकडे अजून 'नंबर फिरवतात'. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे-पै हळूहळू गेले, तरी मेस सेक्रेटरी अजून 'पै न् पैचा हिशोब' देतो (निदान देतो असं म्हणतो!). मग चित्राने तरी वस्तूबरोबर का मरावं?

बदलायचंच तर कशाने?

उमेदवार बरेच आहेत.

१. हार्ड डिस्क आणि खाली येणारा बाण: लिनक्सवरच्या टँगो नावाच्या चित्रसंचात हे होतं. अडचण ही की, बाण बघून 'डाउनलोड' वाटतं. शिवाय एसएसडी आल्यावर ही हार्ड डिस्कही जुनीच झाली की! आजची वस्तू दाखवली, तर ती उद्या शिळी होणारच.

२. ढग: फाइल दूरच्या सर्व्हरवर जात असेल तर ठीक. माझा प्रोग्रॅम कार्यालयातल्याच संगणकावर ठेवत होता, म्हणजे माझा ढग चक्क खोटं बोलत होता.

३. बरोबरची खूण: 'सेव्ह' की 'ठीक आहे'? दोन्हीही होऊ शकतं.

४. बटणच नको: गूगल डॉक्ससारखं आपोआप जतन. उत्तम, पण मग चुकीचा बदलही आपोआप जतन होतो. म्हणून मागे जायची सोय आणि 'जतन झालं' हा संदेश, दोन्ही हवेत.

नवी खूण रुजते कशी?

रुजतेच नाही असं नाही. रुपयाचं चिन्ह बघा. आयआयटी मुंबईत पीएच. डी. करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी ते रेखाटलं आणि जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलं. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा त्यात मेळ आहे, म्हणजे नव्यातही ओळखीचं काहीतरी आहे. शिवाय ते नाणी, नोटा, कीबोर्ड असं सगळीकडे एकच दिसलं, आणि जुनं 'रु.' कोणी एका रात्रीत बंद केलं नाही.

माझ्या ढगाकडे यातलं काय होतं? काहीच नाही.

तर मंडळी, धडा असा

चित्र बदलण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. वस्तू जुनी झाली की अर्थ हरवला? नवं चित्र दुसऱ्या कशासारखं वाटतं का? खाली शब्द लिहिलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो माणूस रोज वापरणार त्याच्यासमोर ठेवून पाहिलंय का? मी माझा प्रोग्रॅम रूममेटला दाखवला, सरांना दाखवला. काकांना दाखवला नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

आता प्रत्येक नोंद भरताक्षणी आपोआप जतन होते. फ्लॉपी परत आली आहे, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत 'जतन करा' असं लिहिलंय. काका तरीही दर पाच मिनिटांनी ते बटण दाबतात. दाबू देत. त्यांचा माझ्यावरचा विश्वास परत यायला अजून एखादं सत्र लागेल!